ऐकल्यासारखें करणारें यंत्र

रिच हिकी यांनीं २००७ सालीं लोकांपुढें ठेवलेली क्लोजर ही संगणकभाषा लिस्पच्या जुन्या घराण्यांतली आहे. प्रोग्रॅम चालू असतांनाच त्याची एखादी व्याख्या बदलतां यावी, हा या घराण्याचा मोठा गुण. प्रोग्रॅमरनें ओळ द्यावी, यंत्रानें तत्काळ उत्तर द्यावें, असा हा संवाद चालतो. परंतु श्रोतेहो, या संवादांत एक जागा अशी आहे कीं, तेथें यंत्र ऐकल्यासारखें करतें आणि ऐकत नाहीं.

समजा, पार्सलांचें हशील ठरवावयाचें आहे. क्लोजरमधील मल्टिमेथड टपालकचेरींतल्या छाननीप्रमाणें चालते. एक नियम पार्सल पाहून ‘देशी’ किंवा ‘परदेशी’ अशी खूण सांगतो. प्रत्येक खुणेसाठीं निराळी कृति नेमलेली असते. नियम डेफमल्टीनें द्यावयाचा, कृती डेफमेथडनें. पुढें प्रोग्रॅमरला वाटलें, वजनही पाहिलें पाहिजे. त्यानें नियम सुधारून डेफमल्टी पुन्हां दिली. यंत्रानें तक्रार केली नाहीं. पार्सलें मात्र जुन्याच खुणांनीं वाटलीं जात राहिलीं. मग तो बिचारा आपलाच नियम चुकला असें समजून बरोबर लिहिलेलें खोडूं लागतो!

खरी गोष्ट अशी कीं, त्या नांवावर मल्टिमेथड आधींच असेल तर डेफमल्टी कांहींच करीत नाहीं. पहिल्या वेळीं उत्तरांत नांव परत येतें, दुसऱ्या वेळीं ‘निल’. एवढीच काय ती सूचना. घाईंत ती कोण पाहतो? हा हट्ट निष्कारण मात्र नव्हे. कृती निरनिराळ्या फायलींत विखुरलेल्या असतात. मूळ फाईल पुन्हां चढवितांच कोरी मल्टिमेथड तयार झाली, तर त्या साऱ्या पुसल्या जातील.

नांवास प्रथम निल ही किंमत देऊन मग डेफमल्टी द्यावी, हा उपाय दांडगाईचा. नियम बदलतो, पण सगळ्या कृती पुन्हां चढवाव्या लागतात. त्यापेक्षां छाननीचें फंक्शन स्वतंत्र नांवानें लिहावें आणि डेफमल्टीस त्या नांवाचा व्हार द्यावा. नांवापूर्वीं हॅश व एकेरी अवतरणचिन्ह घातलें कीं झालें. नुसतें फंक्शन दिलें तर त्या घटकेचेंच कायमचें बांधलें जातें. व्हार दिला तर त्या नांवाखालीं सध्यां काय आहे तें प्रत्येक वेळीं पाहिलें जातें. मग फंक्शन तेवढें बदलावें. कृतींस धक्का लागत नाहीं.

कृति काढून टाकतांनाही असाच चकवा बसतो. फायलींतून ती खोडली तरी चालत्या प्रोग्रॅममध्यें ती कामावर हजरच! रिमूव्ह-मेथड या आज्ञेनें तिला बाहेर काढावें लागतें. तें राहिलें, तर दुसऱ्या दिवशीं प्रोग्रॅम नव्यानें सुरू होतो आणि काल बिनबोभाट गेलेलें पार्सल आज अडतें.