रिपोर्ट टळत नाही, नाव टळू शकतं: सतरा वर्षांची मुलगी प्रेग्नंट असेल तर

आजचा एपिसोड छोटा आहे, पण हेडफोन लावून ऐकलात तर बरं. तुम्ही बरेचसे विशीतले. मग "आई-बाबांनी काय करावं" हे तुम्हाला का सांगतेय? कारण घरात असं काही झालं की आधी ताईला, दादाला नाहीतर मैत्रिणीला कळतं. मोठ्यांशी बोलायचं काम आपल्यावर येतं.

मला फोन आला मावशीचा. मी सॉफ्टवेअरवाली; डॉक्टर नाही, वकील नाही. पण घरात "हिला शोधून काढता येतं" एवढी माझी ख्याती! मावसबहीण सतरा वर्षांची, बारावीला. पाळी चुकून दोन महिने झालेले. मावशी म्हणाली, "अगं, दवाखान्यात नेलं की पोलीस येतात म्हणे. मेडिकलमधून गोळ्या आणू का? की मुलाच्या घरी जाऊन लग्नाचं बोलू?"

दोन्ही नको. गर्भ कधीकधी गर्भाशयाबाहेर, नळीत वाढत असतो. तिथे या गोळ्या काम करत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून आधी डॉक्टर. आणि १८ च्या आत लग्न लावणं हा स्वतःच गुन्हा आहे. लग्नाने पॉक्सोची केसही टळत नाही.

आता पोलिसांचं. मुलगी १८ च्या आतली असेल तर डॉक्टरांना कळवावंच लागतं. पण २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर त्या रिपोर्टमध्ये तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. म्हणजे रिपोर्ट टळत नाही, नाव टळू शकतं. ही विनंती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत करा.

गर्भपात कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये दोघांचं, आणि त्यात अल्पवयीन मुली येतात. पालकांची लेखी संमती लागते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे आपल्याला वाटतं त्यापेक्षा ते जास्त निघतात. रडारडीत आणि भांडणात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

पण सही पालकांची म्हणजे निर्णय पालकांचा, असं नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की पालकांचं मत वेगळं असलं तरी मुलीचं मत महत्त्वाचं धरायला हवं. म्हणून तिला एकटीला, शांतपणे विचारा. जबरदस्ती झाली होती का, हेही. मूल ठेवायचं असेल तर लवकर नाव नोंदवून तपासण्या सुरू करा. या वयात रक्त कमी असणं आणि बीपी वाढणं यांचा धोका जास्त असतो. वाढवणं शक्य नसेल तर बाल कल्याण समितीकडे बाळ कायदेशीरपणे सोपवता येतं, आणि फेरविचाराला ६० दिवस मिळतात.

मावशीने काय केलं? त्या रात्री तिने "कोण तो?" विचारलं नाही. ताट वाढलं आणि म्हणाली, "आधी जेव. उद्या आपण दोघी जाऊ." दवाखान्यात काउंटरवरून सगळ्यांसमोर प्रश्न आला, "लग्न झालंय का?" बहिणीने मान खाली घातली. मावशी पुढे झाली. "डॉक्टरांशीच बोलते," म्हणाली आणि तिचा हात धरून आत गेली. कायद्याची माहिती मी दिली होती, पण त्या क्षणी उपयोगी पडला तो हा हात.

बहिणीने पुढे काय ठरवलं ते सांगणार नाही. ते तिचं आहे. बारावीचे पेपर मात्र तिने दिले.

मदत हवी असेल तर चाइल्डलाइन १०९८, चोवीस तास, फुकट. आणि हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाकायला लाज वाटत असेल, तर एखाद्या मावशीला, काकूला वेगळा पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!