बदलीवरचा गोलंदाज



बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांत हंगामी कामगार म्हणजे काय, हे मी सांगायला नको. गिरणीत त्याचा एक भाऊ होता, बदली. कायम माणसाचा खाडा पडला तर आत जायचे, नाहीतर दारावरून परतायचे. आज बोलायचे आहे ते क्रिकेटमधल्या अशाच एका बदलीवाल्याविषयी. त्याचे नाव पद्माकर शिवलकर.

डावखुरा फिरकी गोलंदाज. जन्म 1940. प्रथम श्रेणीचे सामने 124, बळी 589. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉकवर मुंबईचे डाव झाले फक्त 151 आणि 113 धावांचे. एवढ्याशा भांडवलावर सामना जिंकायचा! शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 गडी टिपले. तामिळनाडू 80 आणि 61 मध्ये आटोपले. मुंबईचे ते सलग पंधरावे अजिंक्यपद.

कसोटी सामने किती? एकही नाही. त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते, आणि बेदींचा खाडा सहसा पडत नसे. बेदी थोरच, 67 कसोट्यांत 266 बळी. त्यांना खाली ओढून शिवलकरांना उंच करण्याचे कारण नाही. पण एका संघात दोन डावखुरे फिरकीवाले कसे घ्यायचे, असे जे म्हणतात, त्यांना मी विचारतो : नाडकर्णी आणि दुराणी 1961-62 मध्ये इंग्लंडविरुद्ध एकत्र खेळलेच होते ना? नियम नव्हता, वहिवाट होती. कारखान्यातही निम्मे अन्याय वहिवाटीच्याच नावाने चालतात.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथे पहिला चेंडूफेक्या दमला की राखीव फेक्याला बोलावतात. सामना शेवटाला आलेला, आघाडी जेमतेम, ती त्याने सांभाळायची. पूर्वी या कामाची स्वतंत्र नोंदच नव्हती. शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन या बातमीदाराने हिशेबाची रीत काढली, आणि 1969 पासून ‘राखलेले सामने’ अधिकृतपणे मोजले जाऊ लागले. मारियानो रिवेरा याच्या नावावर असे 652 सामने आहेत, आणि 2019 मध्ये एकही मत विरोधात न जाता तो त्या खेळाच्या मानमंदिरात गेला. हजेरीपटावर रकाना उघडला, म्हणून माणूस दिसला.

आपल्याकडे 1947 च्या औद्योगिक कलह कायद्यात बदली कामगाराने वर्षाची सलग सेवा भरली की त्याला बदली मानायचे नाही, अशी तरतूद होती. 240 दिवसांचा तो हिशेब मांडताना किती हजेरीपट चाळावे लागत, ते आमच्यासारख्यांना विचारा! शिवलकरांचे दिवस कुणी भरून घ्यायचे? 1987-88 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीत, मुंबईने त्यांना पुन्हा बोलावले आणि ते गेले. कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला तो 2017 मध्ये, हरयाणाच्या राजिंदर गोयल यांच्याबरोबर. गोयल यांचे रणजीतले बळी 637, आणि कसोटी त्यांच्याही वाट्याला आली नाही. 3 मार्च 2025 रोजी शिवलकर मुंबईत वारले.