एका गाडग्याची तीन कामं

मायबाप हो, बर्डीवरून पिशव्या भरून आलात नि तशाच कीर्तनाला बसलात. राग नाही. पण खरं सांगा, त्यातल्या कोणत्या वस्तूवाचून घरी अडलं होतं?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगावला, १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. त्यातच भाकरी, त्यातच पाणी, ऊन लागलं की तेच डोक्यावर. एका वस्तूची तीन कामं! आपल्याकडे एका कामाला तीन वस्तू.

ही कंजुषी नव्हे हो. आलेला पैसा धर्मशाळांना लागला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबांनी डॉ. बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली. लोकांनाही हेच सांगत : भांडी विका, लुगडं हलकं घ्या, पण पोराची शाळा सोडवू नका.

आता माझं ऐका. परवा ट्रंक उघडली. कीर्तनांत मिळालेल्या शाली निघाल्या, एकेचाळीस! नागपूरच्या उन्हात! आठ कसरीनं खाल्लेल्या. चाळीस वर्षं त्यागाचं निरूपण करतोय, आणि ट्रंकेत कसर पोसतोय. बायको म्हणाली, आता हे कीर्तनात सांगा. म्हणून सांगतोय. उरलेल्या शाली मेडिकलच्या आवारात झोपणाऱ्या नातेवाइकांना दिल्या.

तेव्हा समितीच्या मंडळींनो, उद्या काल्याला शाल नको. आणली असेल तर दुकानदार परत घेतो का बघा. नारळ चालेल, घरी चटणी होते.