परत आलेल्या पार्सलची उलटी पट्टी

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



'उलटी पट्टी' म्हणजे काय, हे या मंडपात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. कांदा विकायचा आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता आपल्याच खिशातून अडत्याला पैसे मोजून घरी यायचे. आता बचत गटांच्या बाया मसाला, पापड, काकवी मोबाईलवरून विकू लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. बाजार समितीच्या भिंतीबाहेरचा प्रत्येक बाजार आपल्याला हवाच आहे. पण या नव्या बाजारातही उलटी पट्टी आहे. तिचे नाव 'रिटर्न'.

हिशेब मांडू. समजा, एक किलो मसाला ५०० रुपयांना विकला. मिरची, कांडप, मजुरी, पिशवी धरून खर्च ३२० रुपये. कंपनीचे कमिशन ५०, पाठवणूक ७०, या १२० रुपयांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१ रुपये ६० पैसे. नफा उरला ३८ रुपये ४० पैसे.

आता पार्सल दारात गेल्यावर गिऱ्हाईक म्हणाले, 'नको.' पैसे माल हाती पडल्यावर द्यायचे असल्याने नको म्हणताना त्याचे काही जात नाही. कंपनीने कमिशन सोडले, पण जाण्याचे ७० आणि येण्याचे ७० कापले. त्यावर जीएसटी २५ रुपये २० पैसे. एकूण १६५ रुपये २० पैसे अंगावर. म्हणजे चार पार्सलांचा नफाही पुरला नाही. पिशवी फाटून आली तर मसालाही गेला. मग तोटा ४८५ रुपये २० पैसे, बारा पार्सलांच्या नफ्यानेही न भरणारा.

वजनातही मेख आहे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे, येईल ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असले तर तेच वजन धरायचे, अशी अनेक कुरिअरची रीत आहे. ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात दोन किलो पापड असले, तरी भाडे ४.८ किलोचे.

कायदा काय म्हणतो? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष निघाला, सांगितल्यासारखा नसला किंवा उशिरा पोचला, तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. सदोष मालाबद्दल आमची तक्रार नाही. खराब माल देणाऱ्याने भुर्दंड सोसावा. पण गाडी कंपनीची, उशीर गाडीचा, आणि परतीचे भाडे मसाला कांडणाऱ्या बाईने का द्यावे?

हा नशिबाचा खेळ नाही, कराराचा आहे. वर्षानुवर्षे अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात होती. 'हीच रीत आहे' असे सांगत. २०१६ साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडे गेली. रीत बदलते, बदलायला लावावी लागते.

आपली मागणी अनुदानाची नाही. ज्याची चूक, त्याचे भाडे, एवढीच आहे. माल खराब असेल तर आम्ही देऊ. वाहतुकीत फुटला वा उशीर झाला तर कंपनीने द्यावे. नुसते मन बदलले तर गिऱ्हाईकाने द्यावे. आणि प्रत्येक परतीचे कारण पट्टीवर लिहून यावे.

तोवर बहिणींनी चार गोष्टी कराव्यात. नियमांप्रमाणे कंपनीशी लेखी करार आधी व्हावा लागतो. तो मोबाईलवर बोट टेकवून पुढे ढकलू नका, गटात बसून मोठ्याने वाचा. आगाऊ पैसे भरणाऱ्याला थोडी सूट द्या. माल बांधताना आणि परत आलेले पार्सल उघडताना चित्रीकरण करा. आणि भाव ठरवताना, शंभरात किती पार्सले परत येतात ते मोजून त्यांचा खर्च उत्पादनखर्चात धरा.

उत्पादनखर्च मांडायला ही चळवळ पिकापासून शिकली. आता तोच हिशेब पार्सलाचा मांडायचा आहे. घामाला दाम मागणाऱ्यांनी परतीचे भाडे मुकाट्याने भरू नये.