वारसास्थळी येणारा पाहुणा



कापडाच्या दुकानाची पायरी चढणारे प्रत्येक गिऱ्हाईक सारखे नसते. कोणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो, कोणाला वीतभर अस्तर हवे असते, तर कोणी पावसापुरते आडोशाला थांबलेले असते. वारसास्थळी येणाऱ्या स्वदेशी पर्यटकाचेही तसेच आहे. गणनेत तो एकाच रकान्यात बसतो. वस्तुतः त्याची रूपे अनेक असतात.

धाराशिव जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. पहिला वर्ग भाविकांचा. तुळजापूरला भवानीमातेच्या, तेरला संत गोरोबाकाकांच्या व कुंथलगिरीला कुलभूषण-देशभूषण मुनींच्या चरणी तो येतो. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखनापूर्वक जेथे देह ठेवला, ती भूमी त्याला केवळ प्रेक्षणीय नव्हे, वंदनीय असते. दुसरा वर्ग सहकुटुंब सहलीला निघालेल्यांचा. पावसाळ्यात नळदुर्गला पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळू लागले की त्याची पावले तिकडे वळतात. तिसरा वर्ग शालेय सहलींचा. चौथा, संख्येने अल्प, जिज्ञासूंचा. तेर म्हणजे प्राचीन तगर आणि तेथील कापड भडोच बंदराकडे जात असे, ही ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातील नोंद मनात ठेवून तो लामतुरे संग्रहालयात रमतो.

प्रत्येकाची गरज निराळी. भाविकाला सनावळ्यांआधी सावली, पाणी व शांतता हवी. कुटुंबाला कठडे व स्वच्छतागृहे. विद्यार्थ्याला रसाळ कथा. जिज्ञासूला अचूक फलक. एकाच मापाचा अंगरखा चौघांना कसा बसेल?

तथापि हे वर्ग म्हणजे दगडी भिंती नव्हेत. धाराशिवच्या लेण्यांत भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आहे. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात राजा करकंडूच्या कथेशी या लेण्यांचा संबंध जोडलेला आहे. असे असूनही कुंथलगिरीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या कित्येक यात्रेकरूंना या लेण्यांची वार्ताही नसते. भक्ती त्यांच्यापाशी आहे. उणीव आहे ती सांगणाऱ्याची. धर्मशाळेत एक नकाशा, एक माहितीपत्रक व वाट दाखविणारा एक स्थानिक तरुण एवढी सोय झाली, तरी भाविकाचा जिज्ञासू होण्यास विलंब लागणार नाही.

भिंतीवर नाव कोरणारा तरुण बहुधा दुष्ट नसतो. ती भिंत आपल्या पूर्वजांची आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पाहुणा ओळखून त्याचे आतिथ्य करणे, हीच वारसा जतनाची पहिली पायरी होय.

जय जिनेंद्र!