गिझरचं बटण कोणाच्या हातात?

(सोसायटीच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



थंड देशांत अख्खं घर तापवतात. आपल्याकडे तापवायचं ते अंघोळीचं पाणी. आता गिझर मोबाइलवरून चालू-बंद करणारे स्मार्ट प्लग आलेत. घ्यावेत का? हिशोब बघू.

15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.7 युनिट वीज लागते. 2 किलोवॅटचा गिझर हे काम वीस-बावीस मिनिटांत करतो. मग थर्मोस्टॅट वीज तोडतो. पण बटण चालूच राहिलं तर पाणी निवतं, पुन्हा तापतं आणि मीटर उगाच पळतं. साडेपाचला चालू, सहाला बंद, अशी वेळ लावून दिली की झालं.

2 किलोवॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, 3 किलोवॅटचा 13. त्यामुळे उपकरण 16 अँपिअरचंच हवं. दिव्यांसाठीचा स्वस्त प्लग तापून वितळू शकतो. अर्थिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्हही तपासून घ्या. ते काम मोबाइल करत नाही.

आता मुद्द्याचं. कितीतरी घरांत मुलं परगावी आणि इथे आजी-आजोबा दोघंच. गिझर बंद झाला का, हे मुलांनी लांबून जरूर बघावं. पण प्लग बाथरूममध्ये उंचावर, वाफेत. तिथे आजींचा हात कसा पोचणार? त्यापेक्षा दाराबाहेरच्या नेहमीच्या बटणामागे बसणारा स्मार्ट स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. वायफाय गेलं तरी बटण हातानं चालतं. दुपारी पाय शेकायला गरम पाणी हवं, म्हणून आजींना अमेरिकेत फोन लावायची वेळ येऊ नये!