धनुष्याची दोरी आणि दिव्यातील तेल
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आज आपल्या या लहानशा धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. अशा मंगल प्रसंगी मागे वळून पाहावे व ईश्वराचे उपकार स्मरावे, हे उचितच होय. तथापि मागे पाहणे हे महोत्सवाचे निम्मेच कार्य आहे. पुढे जे येणार आहे त्यासाठी आपण सिद्ध आहो काय, असे स्वतःस विचारणे हे उरलेले निम्मे. म्हणून सिद्धतेविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. हा धडा आम्हांस प्रथम एका वृद्ध शिकाऱ्याने दिला. तेव्हा आरंभही त्याच्यापासूनच करणे योग्य.

गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा आमची नेमणूक सातमाळा डोंगराच्या पायथ्याकडील एका ठाण्यावर होती. तेथील एका भिल्ल वस्तीत ऐंशीच्या घरातील एक ख्रिस्ती गृहस्थ राहत. सारी वस्ती त्यांना ‘बाबा’ म्हणे. आम्हीही तसेच म्हणत असू. तरुणपणी ते भेकराच्या व सांबराच्या शिकारीत नावाजलेले होते. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकार बंद झाली. बाबांनी धनुष्य आढ्याला टांगून ठेविले, ते पुन्हा वनात नेले नाही. परंतु संध्याकाळी अंगणात बसले म्हणजे ते जुन्या गोष्टी सांगत, आणि त्या ऐकताना, आपण सेमिनरीत जे शिकलो त्याचेच हे भाष्य चालले आहे की काय, असे आम्हांस वाटे.

ते म्हणत, “फादर, बाण सुटायला डोळ्याचे पाते लवायचाही वेळ लागत नाही. पण त्याच्या आधीचे काम वर्षभराचे असते.” बांबू केव्हा तोडावा, तो किती दिवस सुकवावा, बांबूच्याच सालीची दोरी कशी तासावी, बाणाचे पीस वाकडे बसले तर बाण कसा भरकटतो, हे सारे ते हाताने दाखवीत. धनुष्याचा पल्ला थोडा. म्हणून हरणाच्या वीस-पंचवीस पावलांवर गेल्यावाचून बाण सोडणे व्यर्थ. तेवढे जवळ जायचे तर वारा नेहमी आपल्या तोंडावर येत असावा, पाठीमागून नव्हे. नाही तर माणसाचा वास आधी पोहोचतो आणि हरीण कान टवकारून नाहीसे होते. पाणवठ्याशी अंधार असतानाच जाऊन बसावे लागे. तेथे खोकणे नाही, विडी नाही, अंग खाजविणेही नाही. कित्येकदा सारी सकाळ जाई व काहीच येत नसे. आणि जेव्हा येई, तेव्हा आपली वेळ सांगून येत नसे. ज्याला त्या क्षणी भात्यात बाण चाचपावा लागे, तो रिकाम्या हाताने घरी जाई.

बंधुजनहो, प्रभु येशूने दहा कुमारिकांचा जो दृष्टांत सांगितला, त्याचे मर्म याहून निराळे काय आहे? दहाही जणी वर येणार म्हणून निघाल्या होत्या. दहाही जणींजवळ दिवे होते. आणि वर येण्यास विलंब लागला तेव्हा दहाही जणींना झोप लागली. हे आपण पुष्कळदा विसरतो. शहाण्या कुमारिका झोपल्या नाहीत म्हणून शहाण्या ठरल्या, असे नाही. त्यांच्यापाशी तेल होते, इतकाच भेद. निद्रा ही मानवी देहाची दुर्बलता आहे व प्रभूने तिला दोष दिला नाही. दोष आहे तो रिकाम्या कुपीचा.

याच संदर्भात एक जुनी कथा सांगण्याजोगी आहे. पाचव्या शतकातील मठवासी लेखक योहान कासियन यांनी ती लिहून ठेविली आहे. संत योहान प्रेषित एकदा एका तित्तिर पक्ष्याला हळुवारपणे कुरवाळीत होते. तेव्हा शिकाऱ्याच्या वेषात एक गृहस्थ आला व एवढा मोठा प्रेषित असल्या क्षुल्लक करमणुकीत रमतो, याचे त्यास नवल वाटले. योहानांनी विचारले, “तुझ्या हातातील धनुष्य तू सदैव ताणून का ठेवीत नाहीस?” तो म्हणाला, “तसे केले तर त्याचा जोर जाईल.” तेव्हा, मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी त्यास समजाविले. बाबाही घरी आले की दोरी उतरवून ठेवीत. सिद्धता म्हणजे सदैव धास्तीत राहणे नव्हे. रविवारचा विसावा, मुलाबाळांशी केलेला विनोद, प्रार्थनेतील शांतता, यांनी मनाची दोरी सैल होते, आणि म्हणूनच वेळ आली असता ती चढविता येते.

परंतु केवळ शस्त्र उत्तम असून भागत नाही, हेही पवित्र शास्त्र आपणांस बजाविते. एसाव कुशल शिकारी होता. वृद्ध पिता इसहाक त्यास भाता व धनुष्य घेऊन रानात जा, असे सांगतो. परंतु याच एसावाने भुकेच्या एका घटकेत आपला ज्येष्ठत्वाचा हक्क मसुरीच्या वरणासाठी विकला होता. हरणासाठी तो सिद्ध होता, मोहासाठी नव्हता. तसेच अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्रात एफ्राईमाच्या पुत्रांविषयी सांगितले आहे की, ते धनुर्धारी असूनही युद्धाच्या दिवशी मागे फिरले. हात शिकलेला होता, अंतःकरण शिकलेले नव्हते.

आणि आपण तर नाशिककर! पंचवटी आपल्या दारात आहे. ज्या सुवर्णमृगाच्या मागे धनुष्य घेऊन जाणे झाले व मागे पर्णकुटी एकाकी पडली, ती रामायणातील कथा आपल्या शेजारच्या प्रत्येक घरी आदराने सांगितली जाते. त्या कथेपासून आपणही एवढे घेऊ शकतो की, डोळ्यांपुढून धावणारे प्रत्येक चकाकते हरीण पाठलाग करण्याजोगे नसते, आणि पाठलागास निघणाऱ्याने घरी काय मागे राहिले आहे याचा विचार आधी करावा. आज कारखान्यातील जादा पाळी, परगावची नोकरी, मोठे घर, यांच्या मागे आपण धावतो. ते सारेच वाईट असे नव्हे. परंतु घरातील संध्याकाळची जपमाळ बंद पडली असेल व मुलांस क्रुसाची खूणही नीट करता येत नसेल, तर कुटी एकाकी पडली, असेच म्हणावे लागेल.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे आम्हांस सोपे नाही. तरी उपदेश करणाऱ्याने आपली कुपी रिकामी होती हे लपवू नये.

एका पावसाळ्यात, दिवेलागणीच्या वेळी, बाबांचा नातू निरोप घेऊन आला. बाबा अत्यवस्थ होते व पवित्र संस्कार मागत होते. आम्ही तत्काळ उठलो. पाहतो तो मोटारसायकलीत पेट्रोल नाही. आदल्या दिवशी भरावयाचे राहून गेले होते. रुग्णाभ्यंगाच्या तेलाची डबी उघडली तर आतील कापूस कोरडा पडलेला. मोठ्या बाटलीतून तेल घ्यावे तर त्या कपाटाची किल्ली सापडेना. ती सापडली तोवर गावातील पेट्रोलविक्री बंद झाली होती व ओढ्याला पाणी चढले होते. पहाटे आम्ही पोहोचलो. बाबा मध्यरात्रीनंतर केव्हातरी प्रभूकडे गेले होते.

उशाशी क्रूस होता. दिवा अजून जळत होता. अंगावर धुतलेले धोतर होते. मुलाने आम्हांस दूषण दिले नाही. तो एवढेच म्हणाला, “फादर, बाबांनी पुष्कळ वाट पाहिली. मग म्हणाले, सगळे मिळून प्रार्थना म्हणा. आम्ही म्हटली. पश्चात्तापाची प्रार्थना त्यांनी स्वतः म्हटली, शेवटपर्यंत.”

ईश्वराची दया त्याच्या संस्कारांनी बांधलेली नाही, हे आम्ही जाणतो. परिपूर्ण पश्चात्ताप व संस्कारांची मनापासून इच्छा असलेल्या त्या जिवाला प्रभूने जवळ केले असेल, यावर आमचा दृढ विश्वास आहे. परंतु त्यामुळे आमची चूक लहान होत नाही. त्या रात्री वर आला तेव्हा शिकाऱ्याचा दिवा जळत होता, आणि धर्मगुरू तेल विकत घेण्यास गेलेल्या कुमारिकांत होता. तेव्हापासून आमची रुग्णभेटीची पिशवी दाराशीच टांगलेली असते व दर शनिवारी ती उघडून पाहिल्यावाचून आम्ही झोपत नाही. दरवेळी ती उघडताना बाबांचे स्मरण होते.

म्हणून या महोत्सवाच्या दिवशी आम्ही आपणांकडे काही मागतो. घरात कोणी गंभीर आजारी पडले, तर वाचा बंद होईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर असतानाच धर्मगुरूस बोलवा. ज्या १९७२ साली शिकारबंदीचा कायदा झाला, त्याच साली पोप सहावे पौल यांनी रुग्णाभ्यंगाचा विधी नव्याने लावून दिला. हा संस्कार केवळ शेवटच्या श्वासाचा नव्हे, तर गंभीर आजाराच्या आरंभापासूनचा आधार आहे. मरणोन्मुखाची खरी शिदोरी म्हणजे पवित्र ख्रिस्तशरीर. आम्हांस मध्यरात्री उठविण्याचा संकोच धरू नका. उशिराच्या निरोपापेक्षा अपुरी झोप बरी. प्रत्येक घरी क्रूस, मेणबत्ती व पवित्र पाणी ठरल्या जागी असावे. पापनिवेदन महिनोन्महिने लांबवू नये. भावाभावांतील अबोला आजच मोडावा. आणि मुलांस पश्चात्तापाची प्रार्थना पाठ असावी. कोणत्या रात्री ती कोणाच्या उशाशी त्यांना म्हणावी लागेल, हे आपणांस ठाऊक नाही.

आपल्या नगरीत बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. २०१५ साली तो झाला, तेव्हा त्याच्या कितीतरी आधीपासून रस्ते, पूल व घाट यांची कामे चालली होती, हे आपण पाहिले आहे. ज्याची तिथी पंचांगात छापलेली असते, त्याच्यासाठी माणूस एवढी तयारी करितो. मग ज्याची तिथी कोणत्याही पंचांगात नाही, त्या प्रभूच्या आगमनासाठी किती करावी?

बेचाळिसाव्या स्तोत्रात हरीण ही शिकार नाही. पाण्याच्या प्रवाहासाठी धापा टाकणारे ते हरीण म्हणजे ईश्वरासाठी तहानलेला आपला आत्माच होय. शेवटी आपण सारे त्याच पाणवठ्याकडे चाललो आहो. तेथे पोहोचण्याच्या वेळी आपला दिवा जळत असावा, कुपीत तेल असावे, आणि ज्यांना आपली वाट पाहावी लागेल असे कोणी आपल्या हयगयीमुळे मागे राहू नये, एवढे वरदान पवित्र मरियेच्या मध्यस्थीने या धर्मग्रामास पुढील पन्नास वर्षे लाभो, अशी आम्ही प्रार्थना करितो.

आमेन.